नाव काढायची परवानगी

जगतापांच्या घरात तोंडाच्या आधी हात चालायचा. सुभानराव जगतापांचे पणजोबा संस्थानच्या पागेत शिलेदार होते. संस्थान गेलं, घोडा गेला, तलवार कुणीतरी मोडीत घातली, पण हात तेवढा पिढीजात राहिला. सुभानराव एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. एकदा येताना इंजिनाचा निकामी झालेला रबरी पट्टा घेऊन आले, तो स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगला गेला आणि तिथेच राहिला. त्याचा वळ आधी पांढरा उठतो, मग लाल होतो आणि सकाळी निळा पडतो, हे त्यांच्या मुलाला, समरजितला, पाटी हातात येण्याआधी ठाऊक झालं होतं. दूध सांडलं की पट्टा. गणितात मार्क कमी पडले की पट्टा. वर्कशॉपमध्ये साहेब बोलला असेल तर काहीच न सांडता पट्टा. आई मध्ये पडली की तिच्याही पाठीत.

समरजित दहावीत असताना उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी रावपुऱ्यातल्या गच्चीवर शेजारच्या पोराने त्याचा पतंग कापला. कापल्याचं दुःख नव्हतं. पण तो पोरगा "काप्यो छे!" म्हणून ओरडला आणि वर त्याच्या आईवरून काहीतरी बोलला. समरजितच्या हातात लाकडी फिरकी होती. ती त्याने त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. पोरगा खाली पडला तरी हा थांबला नाही. फिरकीची दांडी मोडली तेव्हा मुठींनी मारू लागला. दात तुटून गच्चीच्या फरशीवर घरंगळले. मोठ्या माणसांनी बखोटीला धरून उचललं तेव्हाही त्याचे पाय हवेत लाथा झाडत होते.

संध्याकाळी शेजारी शिव्या घालून गेले आणि समरजित भिंतीला पाठ लावून पट्ट्याची वाट बघत उभा राहिला. सुभानरावांनी पट्ट्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पोराला पाटावर बसवलं, स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात उंधियू वाढलं आणि बायकोला म्हणाले, "जिलबी दे त्याला अजून. मरद झालाय." बापाच्या डोळ्यांत असं कौतुक पोराने आधी कधी बघितलं नव्हतं. मार खाताना त्याला बापाची भीती वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची वाटली.

पुढे तो कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नोकरीला लागला, समा भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, मितालीशी लग्न झालं. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात कसल्याशा फालतू वादात त्याचा हात तिच्या कानशिलात बसला. मितालीने गाल धरला नाही की रडली नाही. गॅसवर पुऱ्यांचं तेल तापलं होतं. तिने पक्कडीने कढई उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"परत हात उठला तर हे तुझ्या तोंडावर जाईल," ती म्हणाली. "मी जेलात जाईन, चालेल. पण हे जाईल."

तेल कढईच्या काठाशी हेलकावत होतं. समरजित मागे सरकला आणि जमिनीवर बसला. त्या दिवसापासून त्याने एक सवय लावून घेतली. राग आला की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, याला एसी सोसत नाही.

ऑफिस मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. कंपनी कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह बनवते. तिथे सगळा कारभार ऑफिसच्या चॅटवर चालायचा: साहेबांच्या सूचना, सुट्टीचे अर्ज, स्टोअरची मागणी. त्या चॅटचा अ‍ॅडमिन समरजित. चॅटला बाहेरून छोटी छोटी अ‍ॅप जोडता येतात. एखादं सुट्टी किती उरली ते सांगतं, एखादं कॅन्टीनचं जेवण नोंदवतं. कंपनीने स्वतःसाठी असं अ‍ॅप बनवून घेतलं की समरजितने ते चढवायचं, तपासायचं, कुणाला दिसेल आणि कुणाला नाही ते ठरवलेल्या पद्धतीने लावायचं, आणि बिघडलं तर बंद करायचं. या कामात त्याला एक विलक्षण शांती मिळायची. इथे रागावून काही होत नाही. परवानगी असेल तर दार उघडतं, नसेल तर कितीही आपटा, उघडत नाही. आपल्यासारख्या माणसाने अशाच जागी असावं, असं तो मितालीला म्हणायचा.

कंपनीच्या मिनीबस शहरभर माणसं गोळा करत यायच्या, आणि रोज कुणीतरी सुटायचं, कुणासाठी तरी बस थांबून राहायची. म्हणून मनुष्यबळ विभागाचे प्रमुख मोहनराव चिटणीस यांनी बाहेरच्या एका माणसाकडून अ‍ॅप करून घेतलं. नाव 'गाडीसाथी'. चॅटमध्ये एखाद्याचं नाव टाकलं की ते लगेच सांगायचं, हा माणूस कोणत्या बसमध्ये आहे, कुठे चढला, कुठे उतरणार, किती वेळात. समरजितने चाचणीसाठी सहज मोहनरावांचंच नाव टाकलं. उत्तर आलं: मांजलपूर, पाण्याच्या टाकीजवळ, चढले.

तो त्यांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, यात कुणीही कुणाचंही विचारू शकतो. फक्त ड्रायव्हर आणि सिक्युरिटीला दिसेल असं लावू का? माझ्याकडून लगेच होईल."

मोहनराव चष्मा पुसत होते. त्यांच्या घराण्याने संस्थानच्या कचेरीत पिढ्यान्पिढ्या कागद हाताळले होते आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. "अरे, लपवायचंय काय? आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. सगळ्यांना दे. वर दिसेल असं लाव, शोधावं लागता कामा नये. आणि हे बघ, यात काही बदल करायचा झाला तर माझ्या मंजुरीशिवाय नाही."

समरजितने सगळ्यांना दिलं. सगळ्यांच्या फोनवर वरच्या बाजूला एक छोटी पिवळी बस दिसू लागली. लोक खूश झाले.

दुसऱ्या आठवड्यात खरेदी विभागातली अवंती त्याच्या टेबलाशी आली. रावपुऱ्यातल्याच एका जुन्या मराठी घरातली मुलगी, हसरी म्हणून सगळ्यांना माहीत. त्या दिवशी तिने भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळली होती.

"समरजितभाई, त्या बसच्या अ‍ॅपमधून माझं नाव काढता येईल?"

"का हो, अवंतीबेन?"

तिने आजूबाजूला पाहिलं आणि ओढणी दोन बोटं खाली ओढली. गळ्यावर अंगठ्यांच्या खुणा होत्या, जुन्या, पिवळट पडलेल्या. समरजितला वळांचे रंग वाचता येत होते. त्याने नजर खाली केली.

तिचा नवरा इंद्रनील याच कंपनीत होता, पण विक्री विभागात. तो अलकापुरीच्या ऑफिसात बसायचा. देखणा, बोलका, दिवाळीच्या कार्यक्रमात माईक त्याच्याच हातात. त्याने घरी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि डॉक्टरला सांगितलं होतं की जिन्यावरून पडली. गळा दाबला त्या सकाळी ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. आता निजामपुऱ्यात एका बाईंकडे खोली घेऊन राहत होती. कुठे, ते आईलाही सांगितलं नव्हतं. आईकडून त्याने गोड बोलून काढून घेतलं असतं. बसचा थांबा तेवढा बदलला होता.

"माझं नाव काढता येत नसेल, तर त्याला तरी ते अ‍ॅप दिसू देऊ नका," ती म्हणाली. "एका माणसाचं बंद करता येतं ना?"

येत होतं. समरजितच्या समोर तो पडदा उघडाच होता. इंद्रनीलचं नाव टाकायचं, खूण काढायची, जतन करायचं. बोलणं संपायच्या आत झालं असतं.

"साहेबांची मंजुरी लागेल," तो म्हणाला. "आत्ताच विनंती पाठवतो."

त्याने पाठवली. मोहनरावांनी त्याला बोलावून घेतलं. "नवराबायकोचं भांडण आपण ऑफिसात आणायचं का? त्याच्या आजोबांना मी ओळखायचो, अतिशय सभ्य माणसं. एकीला सूट दिली की उद्या दहा जण येतील. बघू, विचार करू."

समरजितचे हात मांड्यांखाली गेले. "ठीक आहे, साहेब."

चार-पाच दिवसांनी अवंती पुन्हा आली. या वेळी तिने सरळ फोन पुढे केला. ऑफिसच्याच चॅटवर इंद्रनीलचा निरोप होता. *निजामपुऱ्याचा थांबा सोयीचा पडतो का? फळवाल्याकडची द्राक्षं गोड दिसतात.*

समरजितच्या कानशिलाच्या शिरा ठणकू लागल्या. बोटांना रग लागली. तो मांड्यांवरचा भार वाढवत बसला आणि म्हणाला, "मी साहेबांना परत आठवण करतो. तुम्ही पोलिसांत..."

"गेले होते. ते म्हणाले, निरोपात धमकी कुठाय?"

त्याने आठवण पाठवली. मोहनराव अहमदाबादला मीटिंगमध्ये होते. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बस निजामपुऱ्याला थांबली. ती पुढे समापर्यंत जायची, म्हणून समरजित रोज याच बसमध्ये असायचा. अवंती उतरली, ड्रायव्हरने गियर टाकला आणि समरजितने खिडकीतून बाहेर पाहिलं. फळांच्या गाडीमागून इंद्रनील बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, त्याच्या पट्ट्यात चारही बोटं अडकवलेली. त्याने मागून येऊन हेल्मेट तिच्या डोक्यात हाणलं.

नारळ फुटल्यासारखा आवाज बसमध्ये ऐकू आला. अवंती गुडघ्यांवर कोसळली. त्याने तिचे केस मुठीला गुंडाळले आणि स्कूटरकडे फरफटत न्यायला सुरुवात केली. तिने विजेच्या खांबाला मिठी मारली. त्याने बुटाची टाच तिच्या मनगटावर आपटली, मग पुन्हा. तिची किंकाळी रस्त्याच्या वर उठली. पाणीपुरीच्या गाडीशी लोक हातात द्रोण धरून उभे होते. "घरनो मामलो लागे छे," कुणीतरी म्हणालं.

"बस रोक!" समरजित ओरडला. ड्रायव्हर "शुं थयुं?" म्हणेपर्यंत त्याने दार लोटलं आणि चालत्या बसमधून उडी टाकली. गुडघा डांबरावर फुटला. तो तसाच धावला.

इंद्रनीलने त्याला येताना पाहिलं. हसून काही म्हणणार होता, बहुधा 'अरे, समरजितभाई' असंच. समरजितने त्याच्या उघड्या तोंडावर ठोसा मारला. दोघांच्या मध्ये रक्ताची चूळ उडाली. इंद्रनीलने हेल्मेट फिरवलं, ते समरजितच्या खांद्यावर बसलं. समरजितने ते हिसकावून घेतलं आणि त्याच्या जबड्यावर हाणलं. हाड मोडल्याचं हाताला कळलं. इंद्रनील फळांच्या गाडीवर आदळून खाली आला, त्याच्यावर चिकू आणि द्राक्षं पडली. केस सुटले होते, अवंती सुटली होती. भांडण तिथे संपलं होतं.

समरजित त्याच्या छातीवर बसला. लग्नापासून मांड्यांखाली दाबून ठेवलेले हात आता मोकळे होते. डावा, उजवा, डावा. इंद्रनीलने आधी हात आडवे धरले, मग ते गळून पडले. डोळा सुजला, मिटला, मग त्यातून रक्ताबरोबर पाण्यासारखं काहीतरी वाहिलं. समरजितला तो चेहरा इंद्रनीलचा वाटत नव्हता. कुणाचा वाटत होता तेही त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. त्याला एवढंच आठवतं की फार बरं वाटत होतं. तहान भागावी तसं.

पाठीमागून कुणीतरी त्याचा खांदा धरून ओढत होतं, ओरडत होतं, "सोडा! मरेल तो! सोडा त्याला!" समरजितने मागे न बघता कोपर झाडलं. कोपराला काहीतरी कडक लागलं आणि ते आत दबलं.

खांद्यावरचा हात गेला. त्याने वळून पाहिलं. अवंती रस्त्यावर बसली होती, मोडकं मनगट मांडीवर धरून. तिच्या उजव्या डोळ्याखालची बाजू खोल गेली होती. तिने तोंड उघडलं तर त्यातून रक्त आणि दाताचा तुकडा पडला.

कुणी मारलं हिला, म्हणून समरजित आजूबाजूला बघू लागला.

त्याच्या भोवतीचं रिंगण मागे सरकलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते.

पोलिसांनी त्याला नेलं. त्याच्या शर्टावर तिघांचं रक्त होतं. इंद्रनीलचा जबडा तारांनी बांधावा लागला आणि डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. अवंतीच्या डोक्याला टाके पडले, मनगटात धातूची पट्टी बसवली, गालाचं हाड ऑपरेशन करून उचलावं लागलं. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. इंद्रनीलच्या वडिलांनी चांगला वकील दिला आणि वकिलाने पहिल्याच दिवशी नेमकं बोट ठेवलं: बाईंची सगळ्यात मोठी जखम कुणाच्या हातची? नवऱ्याच्या नाही. या गुंडाच्या.

जामिनावर सुटला त्या दिवशी सुभानराव समाच्या फ्लॅटवर आले. वय झालं होतं, काठी आली होती. त्यांनी मुलाच्या सुजलेल्या मुठी स्वतःच्या हातात घेतल्या आणि उलटसुलट करून पाहिल्या.

"जगतापांचं नाव काढलंस," ते म्हणाले. "एक डोळा गेला म्हणे त्याचा?"

समरजितने हात ओढून घेतले. "त्या बाईचं गालाचं हाड मोडलं, आबा. माझ्या कोपराने."

"मध्ये पडली असेल. बायकांनी मध्ये पडू नये."

मिताली दाराशी उभी होती. ती आत आली, सासऱ्यांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "आबा, रिक्षा बोलावते."

सुभानराव गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली. तिला बरंच काही विचारायचं होतं, पण तिने एकच विचारलं. "तुला कळलं होतं का, मागे कोण आहे?"

"नाही."

"मी असते तरी?"

त्या दिवसापासून मिताली दुसऱ्या खोलीत झोपू लागली. आतून कडी लावल्याचा आवाज त्याला रोज ऐकू यायचा.

दोन दिवसांनी तो इस्पितळात गेला. अवंतीची आई त्याला बघून उठून उभी राहिली, पण अवंतीने हाताने थांबवलं. तिचा अर्धा चेहरा पट्ट्यांत होता. शब्द दातांमधल्या फटीतून हवेसारखे निघत होते.

"मला माफ करा," समरजित म्हणाला.

"कशाबद्दल?"

त्याने स्वतःच्या कोपराकडे पाहिलं. अवंतीने मान हलवली.

"ते अंधारात मारल्यासारखं होतं, तुम्हाला दिसलंच नाही. त्याचं मला... जाऊ दे. मी दोनदा तुमच्या टेबलाशी आले होते, समरजितभाई. तेव्हा मी तुम्हाला दिसत होते." थुंकी गिळताना ती कळवळली. "मारायला तुम्हाला कुणाची परवानगी लागली नाही. माझं नाव काढायला मात्र लागली."

त्याला तिथे उभं राहवेना. तो बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसला. माणसं चढत-उतरत होती, त्याच्या खांद्याला पिशव्या घासत होत्या. त्याने फोन काढला. अटक झालेल्या माणसाचं ऑफिसचं खातं बंद करायचं काम कंपनीत ज्याचं होतं तो स्वतःच होता, म्हणून कुणी ते बंद केलंच नव्हतं. त्याने यादीत 'गाडीसाथी' शोधलं. कुणासाठी: सगळे. ते बदलून त्याने 'कुणीही नाही' केलं, आणि मग अ‍ॅपच पूर्ण बंद करून टाकलं. खालून एक बाई डबा घेऊन वर येत होती. ती त्याच्यापाशी पोचेपर्यंत काम झालं होतं.

तो तिथेच बसून रडला. रडताना स्वतःच्या कपाळावर मूठ मारत राहिला, एवढी की वॉर्डबॉय धावत आला.

संध्याकाळी मोहनरावांचा फोन. "कुणाच्या मंजुरीने बंद केलंस? सगळ्या बसचा गोंधळ झालाय!"

"माझ्या."

"तुला अधिकार काय?"

"काहीच नाही, साहेब. तेव्हाही बंद करता आलं असतं," समरजित म्हणाला आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी नोकरी गेल्याचा मेल आला. कंपनीने सगळ्यांना कळवलं की आवाराबाहेर दोन कर्मचाऱ्यांत झालेल्या खाजगी मारामारीशी कंपनीचा संबंध नाही. त्या निवेदनात अवंतीचा उल्लेख नव्हता.

दिवाळीनंतर मोहनराव स्वतः त्याच्या घरी आले, काजूकतलीचा पुडा घेऊन. इंद्रनीलच्या घरच्यांनी त्यांना मध्यस्थ नेमलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की दोघांनी आपापल्या फिर्यादी मागे घ्याव्या. समरजितने एवढंच लिहून द्यावं की जुन्या रागातून आपल्यात आणि इंद्रनीलमध्ये जुंपली, आणि सोडवायला आलेल्या अवंतीबेनना चुकून लागलं.

"आणि त्याने डोक्यात हेल्मेट हाणलं ते? केस धरून ओढलं ते?"

"ते यात आणायचं कारण नाही. बसमधल्या कुणी नीट पाहिलं नाही, रस्त्यावरचं कुणी साक्षीला येणार नाही. तूच काय तो एक बघणारा." मोहनरावांनी आवाज खाली आणला. "समरजित, त्याचा डोळा गेलाय. तुला सजा होईल. बायकोचा विचार कर. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

समरजितचे हात गुडघ्यांवर होते. ते हलले, आणि मोहनराव खुर्चीत मागे सरकले. त्यांच्या डोळ्यांत खरीखुरी भीती होती. समरजितला ती दिसली आणि तिची चवही लागली. तीच, तहान भागल्यासारखी. मग त्याला स्वतःची शिसारी आली.

"मिठाई घेऊन जा," तो म्हणाला.

ते गेल्यावर त्याने मितालीला विचारलं, "तुला काय वाटतं?"

ती कपडे घडी करत होती. "सही केलीस तर मला झोप लागणार नाही. नाही केलीस तर तू आत जाशील, तरी मला झोप लागणार नाही. तू ठरव."

दोन्ही खटले एकाच न्यायाधीशांसमोर चालले. समरजितच्या वकिलाने त्याला पढवून ठेवलं होतं: बाईला वाचवताना मारलं, स्वसंरक्षण होतं, तो पडल्यावर आपण लगेच थांबलो. समरजित पिंजऱ्यात उभा राहिला आणि निजामपुऱ्याच्या थांब्यावर जे पाहिलं ते सांगत गेला. हेल्मेट कुठून आलं, डोक्याच्या कोणत्या बाजूला लागलं, केस कोणत्या मुठीला गुंडाळले, टाच कशी आपटली. इंद्रनील काळा चष्मा लावून बसला होता. तो एकदा उठून ओरडला, "खोटं बोलतोय, माझा डोळा फोडला याने!"

"फोडला," समरजित म्हणाला. "तो खाली पडला होता, साहेब. त्याच्या हातात काही नव्हतं. तेव्हा मी थांबायला हवं होतं, मी नाही थांबलो. अवंतीबेनच्या डोक्याची जखम आणि मनगट त्याच्या हातचं. गालाचं हाड माझ्या हातचं."

त्याच्या वकिलाने फाइल मिटली.

न्यायाधीशांनी विचारलं, "अवंतीबेननी ओढलं नसतं, तर तुम्ही थांबला असता?"

मिताली मागच्या बाकावर होती. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"नाही. तो मेला असता."

अवंतीची साक्ष त्यानंतर झाली. गालावरची शिवण अजून ओढलेली दिसत होती. तिने दोघांचंही सांगितलं, कुणाचं कमी नाही, कुणाचं जास्त नाही. लग्नानंतरच्या मारापासून सुरुवात केली आणि गाडीसाथीपर्यंत आली. मोहनरावांनाही उभं राहावं लागलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते म्हणाले की मंजुरीची विनंती विचाराधीन होती.

निकाल एकाच दिवशी लागले. इंद्रनीलला चार वर्षं, समरजितला दीड. इंद्रनीलने वर अपील केलं. समरजितने वकिलाला नको म्हणून सांगितलं. सुभानराव कोर्टात आले नाहीत. सगळं कबूल करून आला, असला नेभळट माझ्या पोटी कसा जन्मला, असं ते गल्लीत बोलले म्हणे.

पोलीस गाडीची वाट बघत समरजित व्हरांड्यात उभा होता, हातात बेडी, शेजारी एक हवालदार. अवंती आईबरोबर पायऱ्या उतरत होती. तिला सुरतेला नोकरी मिळाली होती आणि त्याच संध्याकाळी निघायचं होतं. ती त्याच्यापाशी क्षणभर थांबली.

"आवजो, समरजितभाई," निरोपाचा तेवढाच शब्द बोलून ती पुढे गेली.

मग मिताली आली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. हवालदाराने तो घेतला, झाकण उघडून बघितला, पोळी उलटी करून बघितली, परत दिला.

"तू थांबशील?" समरजितने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. पण तू तिथे जे बोललास ते मी ऐकलं."

गाडी आली. तिने डबा त्याच्या बेडी घातलेल्या हातांत दिला आणि पडू नये म्हणून, तो गाडीत चढेपर्यंत, खालून एका हाताने आधार देत चालत राहिली.